किल्लारीनंतर विसरलेले कसब

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात काही मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले. पहिला ४.५ रिश्टर स्केलचा, दुसरा ३.६चा. त्याच वर्षी १० जुलैच्या सकाळी पुन्हा ४.५चा धक्का बसला आणि हिंगोली, नांदेड, परभणी या तिन्ही जिल्ह्यांत जमीन हलल्याचे लोकांना जाणवले. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या परिसरात जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या बातम्या त्याच्याही आधीपासून वर्षानुवर्षे येत होत्या. या धक्क्यांनंतर प्रशासनाने लोकांना एक साधे आवाहन केले: पत्र्याच्या छपरांवर ठेवलेले दगड काढून टाका. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले हे दगड भूकंपात झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतात. हे आवाहन फार महत्त्वाचे होते, कारण त्यात घर पाडा, नवे बांधा असे काही नव्हते. जे घर आहे, ज्यात आज माणसे राहतात, तेच थोडे कमी धोकादायक करा, एवढेच त्यात होते. अभियंते ज्याला बळकटीकरण म्हणतात त्याची ही पहिली पायरी. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावाला भूकंपाबद्दल काही करायचे असेल तर ते याच वाटेने करावे लागेल. आणि ही वाट मराठवाड्याला नवी नाही. तीस वर्षांपूर्वी, देशात क्वचितच कुठे झाला असेल एवढ्या मोठ्या प्रमाणावर, हा प्रयोग याच प्रदेशात झाला होता. त्यातून जे कसब हाती आले होते ते आपण टिकवले नाही, आणि आता ते परत मिळवायचे तर सुरुवात खासगी घरांपासून नव्हे, रोज माणसे बसतात त्या सरकारी इमारतींपासून केली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी किल्लारीत नेमके काय कोसळले ते पाहिले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरचा तो पट्टा हादरला. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. भूकंप ६.२च्या आसपासचा होता. जगाच्या हिशेबात हा मध्यम भूकंप. एवढ्या भूकंपात इतकी माणसे मरण्याचे कारण जमिनीपेक्षा भिंतीत होते. मराठवाड्यातली जुनी भिंत बाहेरून दोन-तीन फूट जाडीची, भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसते. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चिखलाची भर. दोन्ही रांगांना आरपार बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नव्हत्या. हादरा बसला तशा दोन्ही रांगा फुगल्या, सुटल्या आणि निम्मी भिंत आत, निम्मी बाहेर पडली. वर माळवद, त्यावर पावसाळ्यामागून पावसाळे चढवत गेलेले पांढऱ्या मातीचे थर. पण अनेक घरांत एक गोष्ट पाहणी करणाऱ्यांच्या लक्षात आली. भिंती पडल्या तरी लाकडी खांब आणि तुळयांचा खण जागेवर उभा होता. म्हणजे घर पूर्णपणे नालायक नव्हते. त्याचे भाग एकमेकांना धरून नव्हते. दगड वाईट, माती वाईट, जुने ते सगळे वाईट, हा निष्कर्ष त्या ढिगाऱ्यांकडे पाहून लाखो लोकांनी काढला आणि तो स्वाभाविक होता. पुरावा मात्र वेगळे सांगत होता: दोष साहित्याचा कमी आणि सांध्याचा अधिक.

यावर पहिला आक्षेप असा येईल की किल्लारी वेगळी आणि हिंगोली वेगळी. दोन्हींत सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, आणि भूकंपाच्या नकाशात हिंगोली सर्वांत सौम्य पट्ट्यात आहे. नकाशा खरा आहे, पण त्या नकाशाचा इतिहासही पाहावा. भारतीय मानकाचा पहिला नकाशा १९६२चा. त्या काळी दख्खनचे पठार जवळपास बिनधोक्याचे मानले जाई. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले, १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या अंगावर भेगा पडल्या, आणि धरणातल्या यंत्रांनी गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवले. धरणाचे गणित करताना धरलेला आकडा ०.०५ होता. १९७०मध्ये नकाशा बदलला. त्या नव्या नकाशात किल्लारी सर्वांत खालच्या, पहिल्या पट्ट्यात होती. १९९३ झाले, आणि पुढे २००२च्या आवृत्तीत किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला. पहिला पट्टाच रद्द होऊन दुसऱ्यात विलीन झाला. म्हणजे महाराष्ट्रात दोन्ही वेळा नकाशा माणसे गेल्यानंतर बदलला. यात नकाशा काढणाऱ्यांना दोष देण्यासारखे काही नाही. पठाराखालच्या फटी शतकानुशतके गप्प राहतात आणि नोंदीचा काळ फार तोकडा आहे. पण नकाशातला सौम्य रंग म्हणजे निर्धोकतेचे प्रमाणपत्र, असे या प्रदेशात तरी कोणी समजू नये. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहते आहे. जागा निवडताना जमीन शांत असणे हा मोठा निकष होता, आणि रोजच्या बारीक कंपनांच्या दृष्टीने ती जमीन शांत आहेच. रोजची शांतता आणि शंभर वर्षांत एकदा येणारा हादरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंगोलीत उद्या मोठा भूकंप होईल असे मी म्हणत नाही, तसे कोणालाच म्हणता येणार नाही. ४.५चे धक्के वर्षात दोनदा आलेल्या जिल्ह्यात भिंतीचे कोपरे बांधून घेणे हा अवाजवी खर्च नाही, एवढेच म्हणतो.

कोयनेने आणखी एक गोष्ट शिकवली होती, आणि ती क्वचितच सांगितली जाते. भेगा पडलेले धरण कोणी मोडीत काढले नाही. भेगा भरल्या, धरण तारांनी ताणून धरले, आणि उंच भागांना खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम टेके दिले. सांडव्याच्या भागाचे बळकटीकरण तर एकविसाव्या शतकात झाले. महाराष्ट्राची वीज ज्यावर अवलंबून आहे ती वास्तू वापरात ठेवूनच मजबूत करावी लागली. वापरात असलेली वास्तू आधी मोजायची, तिचा कमकुवत सांधा शोधायचा आणि तेवढ्याच जागी हात घालायचा, ही शिस्त महाराष्ट्राच्या अभियंत्यांनी किल्लारीच्या पाव शतक आधी अनुभवली होती.

किल्लारीनंतर ती शिस्त घरापर्यंत आली. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४पासून राज्याने भूकंप पुनर्वसनाचा जो कार्यक्रम राबवला, त्यातली ५२ गावांची नवी वसाहत सगळ्यांना आठवते. सरळ रस्ते, रुंद भूखंड, काँक्रीटची घरे. छायाचित्रे त्याचीच निघाली, उद्घाटने त्याचीच झाली. आकड्यांत पाहिले तर तो कार्यक्रमाचा लहान भाग होता. नव्या गावांतली घरे तीस हजारांच्या आत होती. दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या यादीत लातूर-उस्मानाबादसह १३ जिल्ह्यांतली जवळपास १ लाख ९० हजार घरे होती. घरमालकाला हलक्या-मध्यम नुकसानीसाठी १७,००० रुपये मिळत, तेही टप्प्याटप्प्याने, आधीचे काम कनिष्ठ अभियंत्याने पाहून मान्य केल्यावर. काम मालकाने स्वतः करून घ्यायचे होते, ठेकेदाराने नव्हे. भूकंपात अंशतः फुटलेल्या घरात माणसे राहतच होती, स्वयंपाक तिथेच, गुरे तिथेच. त्यामुळे शोधलेल्या सगळ्या युक्त्या राहत्या घरात करता येण्याजोग्याच होत्या.

या युक्त्या कागदावर आणणाऱ्यांत रुरकी विद्यापीठाचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांचे नाव आधी घेतले पाहिजे. मातीच्या आणि कच्च्या दगडी बांधकामाला शास्त्राच्या कक्षेत आणण्यासाठी त्यांनी आयुष्य घातले. बहुतेक अभियंत्यांना काँक्रीटखेरीज कशाचेच गणित करावेसे वाटत नव्हते, त्या काळात हा माणूस चिखलातल्या भिंतीचे गणित करत होता. भूकंपग्रस्त इमारतींच्या दुरुस्ती-बळकटीची आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामाची भारतीय मानके १९९३ सालीच, किल्लारीच्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. प्रत्यक्ष गावात ती उतरवण्याचे काम अहमदाबादच्या स्टडी ॲक्शन ग्रुपतर्फे राजेंद्र आणि रूपल देसाई या अभियंता-वास्तुविशारद जोडप्याने लातूर भागात करून दाखवले. कृती अशी. आधी माळवदावरची जादा माती उतरवायची, पाणी गळू नये म्हणून खाली प्लॅस्टिकचा थर घालून बेताचीच माती परत टाकायची. मग ठरावीक अंतरावर भिंतीतला एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार भोक करायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे. भिंतीच्या दोन सुट्या रांगा अशा एकमेकींना बांधल्या जातात. कोपऱ्यांवर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा. दारा-खिडक्यांच्या वर किंवा छताच्या खाली जाळीचा आडवा पट्टा, पेटीला बांधलेल्या दोरीसारखा चारही भिंती कवटाळणारा. शेवटी लाकडी खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरके टेके. एका वेळी एकच भिंत हाती घ्यायची, म्हणजे बिऱ्हाड हलवावे लागत नाही. गावचा गवंडी आठवड्यात शिकेल असे हे काम आहे, फक्त भोके पाडताना घाई चालत नाही.

या कार्यक्रमाची आणखी एक गोष्ट मला तंत्राइतकीच मोलाची वाटते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. कोणता हप्ता कधी मिळतो, अभियंता कधी येणार, पट्टा कुठल्या उंचीवर हवा, सळईचे टोक का वाकवायचे, हे शेजारणीला समजावून सांगणे हे त्यांचे काम. ज्या घराची दुरुस्ती व्हायची त्या घरात दिवसभर वावरणारी बाईच होती, म्हणून काम नीट झाले की नाही हे तिला आधी दिसे. अभियंता आठवड्यातून एकदा येणार आणि भिंत रोज चढणार, या अडचणीवर इतके चांगले उत्तर त्यानंतर क्वचितच कुठे सापडले असेल.

मग हे कसब टिकले का नाही? उत्तर अप्रिय आहे. यादीतल्या फार मोठ्या संख्येने लोकांनी ते पैसे जुन्या भिंतीत घातलेच नाहीत. त्यांनी शेजारी काँक्रीटची एक नवी खोली बांधली. दगडाचा धसका बसला होता. ज्याने शेजारच्या गावात दगडाखालून प्रेते काढली त्याला ‘याच दगडात सळई घाल, तो धरून राहील’ हे पटणे सोपे नव्हते. सतरा हजारांत भिंतीला दिलेला पट्टा गिलाव्याखाली झाकला जातो; नवी खोली मात्र चारचौघांत दिसते, मुलाच्या लग्नात मोजली जाते. यावरून काही जाणकार म्हणतात की बळकटीकरण लोकांनीच नाकारले, तेव्हा आता त्याचा आग्रह कशाला. मला हा निष्कर्ष मान्य नाही. लोकांनी नाकारले ते न पाहिलेले तंत्र. ज्या गावांत प्रात्यक्षिक घर उभे राहिले, गवंड्याने हात लावला, तिथे ते स्वीकारणारे निघाले. पण तेवढी प्रात्यक्षिके प्रत्येक गावात झाली नाहीत, आणि १९९८च्या सुमारास कार्यक्रम संपला तसे अभियंते आपापल्या खात्यात परतले. शिकलेल्या गवंड्याला पुढचे काम कोणी दिले नाही. ज्या कामाला गिऱ्हाईक नाही ते काम हातातून जाते, हा कुठल्याही कारागिरीचा नियम आहे. पाथरवटाचे तेच झाले, चुन्याच्या घाणीचे तेच झाले. बळकटीकरण हा सरकारचा कार्यक्रम राहिला, गवंड्यांचा धंदा झाला नाही.

त्याला कायमचे गिऱ्हाईक कोण होऊ शकेल? सरकार स्वतः. गावात ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी अशा इमारती असतात. त्यांचा मालक एकच आहे, त्याला पटवायला दारोदार फिरावे लागत नाही. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी त्याच इमारती सर्वांत आधी लागतात: पंचनामा, औषध, रेशन, आसरा. आणि या इमारती भरलेल्या असतात. इथे अभियंत्याचे खरे कौशल्य दिसते. रिकामी इमारत मजबूत करणे हा मुख्यतः गणिताचा प्रश्न. चालू कार्यालय मजबूत करणे हा क्रमाचा प्रश्न. कोणती खोली आधी, दफ्तर कुठे हलवायचे, फोडाफोडी सुट्टीच्या दिवशी, धूळ अडवायला पडदे कुठे, तात्पुरते टेके दिल्याशिवाय कुठला खांब सोलायचा नाही, जिना शेवटपर्यंत मोकळा कसा राहील. काँक्रीटच्या इमारतीत खांबांभोवती सळयांचा पिंजरा बांधून काँक्रीटचे जाकीट चढवतात, काही चौकटींत नवी काँक्रीटची भिंत भरतात, जमेल तिथे पोलादी तिरके टेके बाहेरच्या अंगाने लावतात, म्हणजे आतले टेबल हलत नाही. जपानने १९९५च्या कोबे भूकंपानंतर त्याच वर्षी यासाठी कायदा केला आणि १९८१च्या सुधारित नियमांआधीच्या शाळा-कचेऱ्या एकेक करून तपासून बळकट केल्या; कर्मचारी जागेवर ठेवून काम करण्याची पद्धत तिथे रुळली. आपल्याकडे दिल्लीने २००१च्या भुज भूकंपानंतर सचिवालय, पोलीस मुख्यालय, विभागीय आयुक्तांचे कार्यालय, गुरू तेगबहादूर रुग्णालय आणि लडलो कॅसल शाळा अशा पाच इमारती निवडल्या, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनाच त्यात तयार केले, आणि लडलो कॅसल शाळेचे काम पुरे करून दाखवले. पाचच इमारती, हे खरे. पण खात्यातला माणूस शिकला, हे महत्त्वाचे.

इथे दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप येतो. निजामकालीन शाळा आणि जुन्या चावड्या यांचे निर्लेखन करून नवी स्लॅबची इमारत बांधली तर दोन्ही प्रश्न सुटतात, मग जुन्यात पैसा का ओतायचा? काही इमारतींच्या बाबतीत हे बरोबरच आहे. जोते खचलेले, भिंत पोट काढून बसलेली, लाकूड वाळवीने खाल्लेले, अशी वास्तू पाडलीच पाहिजे आणि तिथे मुले बसवणे गुन्हा आहे. पण सरसकट पाडण्यामागची समजूत, की स्लॅब म्हणजे सुरक्षित, ती २००१मध्येच खोटी ठरली. अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर होते, तरी तिथल्या बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसे गेली. तळमजला गाड्यांसाठी मोकळा, वर भिंतींचे ओझे, खांबातल्या कड्या विरळ. खेड्यातल्या कचेरीचा दोष याहून साधा असतो: विटांच्या भिंती, त्यावर जड स्लॅब, आणि मध्ये आडवा पट्टा कुठेच नाही. किल्लारीतला सुटा सांधा इथे नव्या कपड्यात परत आलेला असतो. शिवाय नवी इमारत मंजूर होऊन उभी राहीपर्यंत जी वर्षे जातात, त्या वर्षांत मुले त्याच जुन्या छपराखाली बसतात. हा काळ कोणीच धोक्याच्या हिशेबात धरत नाही.

तिसरी शंका अभियंतेही घेतात: पट्टा मारलेली भिंत खऱ्या हादऱ्यात टिकते याला पुरावा काय? रुरकीत रेल्वेच्या डब्यासारख्या मंचावर पुऱ्या आकाराची घरे बांधून, त्यांना धक्के देऊन याची परीक्षा झाली आहे, आणि बांधलेली घरे साध्या घरांपेक्षा कितीतरी अधिक धक्के सोसतात हे दिसले आहे. प्रयोगशाळेचा पुरावा पुरेसा वाटत नसेल तर नेपाळ पाहावे. तिथल्या एका तंत्रज्ञ संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून शाळा बळकट करायला घेतल्या, गावच्या गवंड्यांना हाताशी धरून. २५ एप्रिल २०१५ला ७.८चा भूकंप आला, हजारो वर्गखोल्या पडल्या, आणि बळकट केलेल्या शाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्या अनेक शाळांत नंतर लोकांनी आसरा घेतला. चिखलातली दगडी भिंत नेपाळच्या डोंगरात आणि मराठवाड्याच्या पठारावर फारशी वेगळी नाही. तंत्राला मर्यादा आहेतच. बळकट केलेल्या भिंतीला भेगा पडतील, गिलावा सुटेल, कदाचित ती इमारत नंतर वापरताही येणार नाही. उद्दिष्ट इमारत वाचवण्याचे नाही. आतला माणूस चालत बाहेर यावा, हे आहे. एवढे उद्दिष्ट ठेवले की खर्चही आवाक्यात राहतो.

१९९३ साली पुसेगाव परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्याच्या वाट्याला जुन्या शाळा आल्या, जुन्या चावड्या आल्या. किल्लारीत शिकलेले मनुष्यबळ आले नाही, कारण तोवर ते विखुरले होते. आज ते पुन्हा उभे करायला फार मोठी योजना लागत नाही. जिल्हा नियोजन समितीने एका तालुक्यातली एक वापरातली इमारत निवडावी, पुसेगावची शाळा किंवा ग्रामपंचायत का असेना. तिचे स्ट्रक्चरल ऑडिट करताना फक्त ‘धोकादायक’ किंवा ‘सुस्थितीत’ असा शिक्का न मारता तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावीत: छतावर किती ओझे आहे, कोपरे एकमेकांना बांधलेले आहेत का, आणि चारही भिंतींना धरणारा पट्टा आहे का. काम कनिष्ठ अभियंत्याच्या देखरेखीखाली गावच्याच गवंड्यांनी करावे, गिलावा चढण्यापूर्वी ते गावाला दाखवावे, आणि देखरेखीत बचत गटांच्या बायकांना १९९४सारखेच स्थान द्यावे. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीच्या शीर्षाखाली या कामाची वेगळी ओळ असावी, आणि ती त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी असावी. ती ओळ घालण्याचा अधिकार जिल्हा परिषदेकडे आहे, आणि मागणीचा ठराव करण्याचा अधिकार पुसेगावच्या ग्रामसभेकडे आहे. तो ठराव येत्या ग्रामसभेत मांडावा.